कुशाबानं गिअरबॉक्स नटवला

तुडीलच्या कुशाबाचं नाक कारखान्यात मॅनेजरपेक्षा वरच्या हुद्द्यावर होतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षं तो यंत्रांना तेल घालत होता. थेंब चिमटीत घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा आणि वैद्यबुवांच्या थाटात सांगायचा, "अजून महिनाभर हाय याच्यात जीव." बहुतेकदा जीव असायचाही. त्याच चिमटीनं दुपारी भाकरी मोडायचा, त्यामुळे त्याच्या पंगतीला एकच माणूस उरला होता, मिक्सर चालवणारा बुद्धरत्न.

"कुशादा, आज भाजीत दोनशेवीस नंबरचं तेल पडलंय का तीनशेवीस?"

"गप जेव रे. वंगण मिळालं तर तुझी जीभ तरी सुरळीत चालंल."

यंदा तेल तपासणीचं प्रशिक्षण आलं. शिकवायला अनुपमा मॅडम; कुशाबाच्या नाकाची नोकरी त्यांच्या वयाहून मोठी. गिअरचे दाते झिजले की लोखंडाचा बारीक कीस तेलात उतरतो, नाकाला कळत नाही, प्रयोगशाळेला कळतो, असं त्यांनी तीन दिवस समजावलं. नमुना घ्यावा तो चालत्या यंत्रातून, स्वच्छ बाटलीत, वर तारखेची चिठ्ठी लावून. शेवटी प्रत्येकानं आपल्या एका यंत्राचा नमुना द्यायचा होता.

कुशाबाच्या वाट्याला मिक्सरचा गिअरबॉक्स आला. आतलं तेल काळंमिट्ट झालेलं. हे पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं? पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर पोरीला शेणाच्या हातानं कुणी पुढं करतं का? कुशाबानं जुनं तेल काढलं, नवं भरलं, तासभर मिक्सर चालवला आणि मॅडमनी सांगितलं तसा नमुना घेतला. चालत्या यंत्रातून, स्वच्छ बाटलीत. जुनं तेल कॅनमध्ये भरून घरी नेलं. गोठ्याच्या लाकडी मेढींना फासलं की वाळवी लागत नाही.

अहवाल आला: गिअरबॉक्स उत्तम. कुशाबा दिवसभर मिशीला पीळ देत फिरला.

एकोणिसाव्या दिवशी गिअरबॉक्सचा दाता तुटून अडकला आणि कवच फुटलं. शेजारी उभ्या असलेल्या बुद्धरत्नाचा उजवा हात कोपरापासून गेला.

चौकशी झाली. तेलाचा अहवाल उत्तम होता. मग बुद्धरत्नानंच मिक्सरमध्ये जास्त माल भरला असणार, असं ठरलं. दोष त्याच्या नावावर.

कुशाबा डबा घेऊन दवाखान्यात गेला. बुद्धरत्न छताकडं बघत होता.

"मी जास्त माल नव्हता भरला, कुशादा. तू तरी सांग त्यांना."

"हां," कुशाबा म्हणाला. घास मोडून त्याच्या तोंडाशी धरला. बुद्धरत्नानं नंबर विचारला नाही.

घरी आल्यावर कुशाबा गोठ्यात गेला. चार मेढी फासून झाल्या होत्या. कॅनमध्ये तळाशी चारेक बोटं तेल शिल्लक होतं. त्यानं हुंगलं. नाकाला काहीच कळलं नाही. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक त्यानं दोरीला बांधून आत सोडला. वर काढला तेव्हा चुंबकाला घुशीच्या पाठीसारखे केस उगवले होते.

सकाळी त्यानं स्वच्छ बाटली भरली, चिठ्ठी लावली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"हे कुठल्या मशीनचं?"

"मिक्सरचं. मी आंघोळ घातली, त्याच्या आदीचं."

मॅडमनी बाटली उजेडाला धरून तिरकी केली. "कुशाबा, हे मी वर पाठवलं तर काय होईल, कळतंय ना तुम्हाला?"

"पाठवा. चिठ्ठीवर सही बी केली हाय."

आठवड्यानं बुद्धरत्नाच्या नावावरचा दोष निघाला. कुशाबाला गेटवरूनच परत पाठवलं. सगळ्या कारखान्याला कारण कळलं, दवाखान्यातही पोचलं.

तरी कुशाबा डबा घेऊन गेला. बुद्धरत्न भिंतीकडं तोंड करून पडला होता. कुशाबा स्टुलावर बसला. बोलायला तोंड उघडलं, तर वंगणच संपलेलं. शेवटी त्यानं डबा उघडला आणि भाकरीला हात घातला.

"थांब," बुद्धरत्न भिंतीलाच म्हणाला. "हात धुवून ये."

इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदाच सांगितलं. कुशाबा नळाशी गेला, साबण घेतला आणि बोटं घासत राहिला. नखांतलं काळं काही निघेना.