मंगरूळपीरचं रेतीघर

वाशीमहून सकाळची एसटी सुटली तेव्हा शेतांवर धुकं उतरलेलं होतं. शहात्तर सालची दिवाळी नुकतीच सरली होती. शिक्षकांच्या शिबिरासाठी मी गुहागरहून अकोला जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी आले होते. मध्येच एक दिवस सुटीचा निघाला, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, “मंगरूळपीरले जाऊन या. तिथं एका मिस्त्रीनं रेतीचं म्युझियम मांडलं हाये.” रेती म्हणजे आमची वाळू. समुद्रकाठी जन्मलेल्या बाईने वाळू पाहायला वऱ्हाडात यावं, याचं मला हसू आलं. तरी निघाले.

आसेगावला गाडी बराच वेळ थांबली. कापूस वेचणाऱ्या बायका धुक्यात कमरेपासून वरच तेवढ्या दिसत होत्या, पांढऱ्या पाण्यात उभ्या असल्यासारख्या. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “कोनाकडं जाता, बाई?”

“रेतीवाल्या मिस्त्रींकडे.”

“यासीन मिस्त्री. लोकं घरात जवारी भरतात, तो रेती भरते,” तो म्हणाला आणि पुन्हा डुलक्या घेऊ लागला.

यासीन मिस्त्री सत्तरीचे गवंडी. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मला घरामागच्या खोलीत नेलं. तीन भिंतींना त्यांनी स्वतः बांधलेले कोनाडे, त्यांच्याखाली लाकडी फळ्या, आणि जिथे तिथे रेतीने भरलेल्या बाटल्या, बरण्या. छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाचा एकच पट्टा खाली येत होता.

“जिथं काम केलं तिथून एक मूठ आनली,” ते म्हणाले. “मंग लोकंच आनून देऊ लागले.”

पैनगंगा, तापी, गोदावरी, नर्मदा. ते एकेक बाटली उन्हात धरून हळूच कलती करत आणि आतली रेती सुस्कारा टाकल्यासारखी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर होई. कुठे सोनेरी झाक, कुठे काळपट, कुठे अभ्रकाची चमक. बाहेर सायकलच्या घंट्या वाजत होत्या, पण त्या फार लांबून आल्यासारख्या वाटत. किती वेळ गेला, मला कळलं नाही.

एक लहान बाटली मात्र त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. आत पिठासारखी बारीक, फिकट पिवळी रेती होती.

“हे आमच्या युसूफनं धाडलेली. पोरगा माझा. राजस्थानात नहराच्या (कालव्याच्या) कामावर होता. तिथंच ताप आला त्याले. आमाले तार भेटली तवा दफन होऊन गेलं होतं.”

त्यांनी बाटली जागेवर ठेवली. मी वाट द्यायला मागे सरले आणि माझ्या शबनम पिशवीचा पट्टा फळीवर अडकला. दोन बाटल्या खाली येऊन फुटल्या. एक युसूफची, दुसरी त्यांच्या गावाकडच्या अडाण नदीची. दोन्हींतली रेती फरशीवर एक झाली.

आवाज ऐकून मिस्त्रींच्या बायको अमीनाबी दारात आल्या.

“कोनती?”

“युसूफची,” मिस्त्री खाली बघत म्हणाले.

त्या आत गेल्या. आता रडतील, असं मला वाटलं. त्या पिठाची चाळणी आणि परात घेऊन परत आल्या. “बसा बाई,” म्हणाल्या, “आदी काच वेचून घ्या.”

दुपारपर्यंत आम्ही तिघं त्या उन्हाच्या पट्ट्यात बसलो होतो. मी काच वेचली, अमीनाबींनी चाळलं. अडाणची जाड, काळी रेती चाळणीत उरे आणि वाळवंटाची बारीक रेती परातीत झिरपत राही. तिचा उडालेला धुरळा उन्हात बराच वेळ तरंगे. मला अपराधी वाटत होतं, आणि तरी तिथून उठू नये असंही वाटत होतं.

शेवटी परातीतल्या पिवळ्या रेतीत काही काळे कण राहिलेच. मिस्त्री सुई घेऊन एकेक वेचू लागले.

“काहून वेचून राह्यले?” अमीनाबी म्हणाल्या. “राहू द्या. त्याले माती द्याले आपन कुठं होतो? एवढी तरी जाऊ द्या त्याच्यापाशी, आपल्या गावची.”

कबरीवर घरच्या माणसांनी मूठमूठ माती द्यायची असते. मिस्त्रींनी सुई खाली ठेवली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग त्या काळ्या कणांसकट रेती त्यांनी नव्या बाटलीत भरली.

अमीनाबींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कण्या (भरडलेल्या ज्वारीचा भात) आणि आंबाडीची आंबट भाजी. मी माफी मागितली, तर त्यांनी ताटात आणखी भाजी वाढली. मिस्त्री एसटीपर्यंत पोचवायला आले. “तुमच्या समुद्राची मूठभर धाडा,” एवढंच म्हणाले.

गुहागरला परतल्यावर आठवडाभर मी रोज पिशवी घेऊन पुळणीवर गेले आणि रिकामीच परत आले. जन्मभर तुडवलेली वाळू. त्यातली कुठली मूठ उचलावी, ते ठरेना. शेवटी आईला बरोबर नेलं आणि सगळं सांगितलं. ती सुरूच्या झाडांकडे चालत गेली आणि एका जागी थांबली.

“इथली घे,” ती म्हणाली. “इथे तू पहिलं पाऊल टाकलं होतंस.”