कांबळ्यांचं घड्याळ आणि बाहेरची माणसं

"पेढे घ्या, मॅडम. काल वस्तीनं माझा सत्कार केला," असं म्हणत यशवंत कांबळे माझ्या ऑफिसात आले. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात पेटंटची कामं करणारी माझ्यासारखी माणसं विरळाच. त्यांच्याच अर्जाचा शेवटचा ड्राफ्ट मी तपासत होते.

कांबळे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. आई इथं एकटी, म्हणून बंगलोरची नोकरी सोडून त्यांनी शिरोली एमआयडीसीत छोटी शेड घेतली होती. माणूस हुशार, पण घाईचा आणि बोलका. घड्याळातला क्वार्ट्झचा क्रिस्टल तापला की वेळ चुकते. त्यामुळं फाउंड्रीत भट्टीशेजारी टांगलेल्या घड्याळांवर कुणी विश्वास ठेवत नसे. कांबळ्यांचं सर्किट उष्णता ओळखून ती चूक आपोआप दुरुस्त करायचं. चिप बनवताना सिलिकॉनच्या चकत्या ज्या भट्टीत तापवतात, तिच्या टायमरलाही त्यांनी तीच युक्ती लावली होती. बंगलोरची एक कंपनी हे सर्किट वापरायचं लायसन्स घ्यायला तयार होती, फक्त पेटंटचा अर्ज व्हायला हवा होता. तेवढं जमलं की शेड चालणार होती, आणि कांबळ्यांना पुन्हा गाव सोडावं लागणार नव्हतं.

"सत्कारात बोललात काय?" मी विचारलं.

"सगळं. घड्याळ उघडून दाखवलं, फळ्यावर सर्किट काढलं. भट्टीचंबी सांगितलं की."

"पेपरवाले होते?"

"व्हय. आज फोटो आलाय, फळ्यासकट."

मी डोक्याला हात लावला. "अहो, बाहेरच्या कुणाला सांगू नका म्हणाले होते ना मी?"

"बाहेरचं कोण हुतं तिथं? सगळी आपलीच माणसं की."

त्यांना खरंच कळलं नव्हतं. पेटंट मिळतं ते नव्या गोष्टीला. अर्जाआधी ती चारचौघांत उघड झाली, की कायद्याच्या लेखी जुनी झाली. मी समजावत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आईनंच ठरवला हुता ओ सत्कार," ते म्हणाले. "वस्तीच्या बुद्धविहारात पहिल्या रांगेत बसलीती."

मुंबईच्या एका सीनिअर वकिलांना फोन केला. त्यांनीही नाहीच म्हटलं. कंपनीला खरं काय ते कांबळ्यांनी स्वतःच कळवलं. कंपनीनं गोड शब्दांत अंग काढून घेतलं; पेपरात छापून आलेल्या गोष्टीचं लायसन्स कोण घेईल? मला कायद्याचा राग आला. कायदा बरोबर होता, म्हणून जास्तच आला.

शेडला कुलूप लागलं. कांबळे परत बंगलोरला नोकरीवर गेले. जाताना एवढंच म्हणाले, "सत्कारामुळं पेटंट गेलं, हे आईला कळू देऊ नका."

पुढं एकदा त्यांची आई मंडईत भेटली. माझा हात धरून म्हणाली, "बाई, माझ्या लेकाचं पेटंट का वो झालं न्हाय? सत्कार तर किती झ्याक झालता."

"सरकारी काम, मावशी. अडकलंय कुठंतरी."

"मग सुटलं की यील न्हवं त्यो परत?"

"येतील की," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार?

आता नवीन माणूस आला, की मशिनचं नंतर विचारते. आधी सांगते, अर्ज होईपर्यंत आईलासुद्धा सांगायचं नाही. लोक हसतात. मी हसत नाही.