आठ वाजताची दुसरी गोळी

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. पण आपण लिहिलेला कॉम्प्युटर प्रोग्रॅम तपासायला तिच्याकडे गेलाय म्हटलं, की भलेभले तो पुन्हा एकदा वाचून काढत. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि चुका दाखवायच्या, हेच तिचं वीस वर्षांचं काम. सुरुवातीला तिची जीभ फार तिखट होती. एकदा भर मीटिंगमध्ये तिने एका सहकाऱ्याची अशी सालटी काढली, की त्यानंतर तो कुणाला काही दाखवेनासाच झाला. ते तिच्या मनाला लागलं. तेव्हापासून चूक कितीही मोठी असो, ती माणसाला एकट्याला गाठून, समोर बसून सांगे.

मास्तरांनी तिला फोन केला, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. नव्यांना हाताला धरून शिकवायचे, म्हणून ते मास्तर. तीही त्यांच्याच हाताखाली घडलेली. बायकोच्या आजारपणात त्यांनी मोबाइलसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. गोळीची वेळ झाली की घंटा वाजायची. बायको गेली. आता तो एका दवाखान्यातल्या रुग्णांना द्यायचं त्यांच्या मनात होतं.

"सगळे नुसतं छान छान म्हणतायत," ते म्हणाले. "तू नीट बघ."

तिने चार दिवस बघितलं. काम देखणं होतं. पण दोन गोळ्या एकाच वेळेला लावल्या, की घंटा एकीचीच वाजे. दुसरी यादीतून गुपचूप गळून जाई.

ती त्यांच्या घरी गेली. टेबलावर लॅपटॉप उघडून आधी चांगलं काय आहे ते सांगितलं, मग आठ वाजताच्या दोन गोळ्या लावून दाखवल्या. मास्तरांनी त्या स्वतः पुन्हा लावून पाहिल्या; घंटा एकीचीच वाजली.

"हिच्या वेळीही असंच झालं असेल?"

नाही म्हणणं सोपं होतं. "बघावं लागेल," ती म्हणाली.

ते आत जाऊन बायकोची वही घेऊन आले. घेतलेल्या प्रत्येक गोळीपुढे बायकोने पेनाने खूण केली होती; घंटेवर तिचा फारसा भरवसा नसावा. दोघांनी पान न् पान तपासलं. एका मंगळवारी आठच्या एका गोळीपुढे खूण नव्हती.

"एकदा," मास्तर म्हणाले.

"हो, एकदा. ती प्रोग्रॅममुळे राहिली की त्यांनीच घेतली नाही, हे मला सांगता येणार नाही. त्याने काय फरक पडला, तेही नाही."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तिने समजूत घातली नाही, उठलीही नाही. थोड्या वेळाने त्यांनीच खुर्ची पुढे ओढली. "कुठे गळतंय ते दाखव."

दुरुस्ती त्यांनी स्वतःच केली, दोन दिवस घालवून. ती फक्त शेजारी बसून वाचत राहिली. दवाखान्याला प्रोग्रॅम देताना मास्तरांनी माहितीच्या पहिल्याच पानावर ती चूक लिहिली, आणि ती कुणी दाखवली तेही.