परतूरच्या आधीचा झटका

"मॅडम, ऊन लागलं तुम्हाला. रूळ न्हाई वाकला, हवा वाकली," सलीमभाई म्हणाले.

मी रुळाजवळ गाल नेऊन बघत होते. परतूरच्या अलीकडे जुन्या रेल्वेलाइनच्या शेजारी दुसरी लाइन टाकायचं काम चालू होतं. टाकणारे कंत्राटदार सलीमभाई, तपासणारी इंजिनिअर मी. टळटळीत दुपार, दोन्ही बाजूंना कापूस. चारही रूळ दूरवर पाण्यात उतरल्यासारखे दिसत होते. त्या नसलेल्या पाण्यात ते हळूच उजवीकडे वळत होते. चारही, एकदम, झोपेत कूस बदलावी तसे.

नकाशात मात्र तिथे सरळ रेघ होती.

टेप लावला. गेज, म्हणजे एका लाइनच्या दोन रुळांमधलं अंतर, बरोबर. जुन्या लाइनपासून नव्या लाइनचं अंतर, तेही जागोजागी सारखं.

"बघा, बिलकुल समांतर. आता मशीन सोडू का?"

हे टॅम्पिंग मशीन. रुळाखालची खडी ठोकून घट्ट करतं. एकदा ते फिरलं की लाइन आहे तशीच बसते, वाकडी असली तर वाकडी. आणि इथून गाड्या वेगात जायच्या होत्या. मशीन संध्याकाळी दुसरीकडे जाणार होतं. परत कधी मिळेल, कुणालाच माहीत नव्हतं. भासापायी ते घालवलं असतं तर साहेबांना काय सांगणार होते?

तापलेल्या हवेत डोळा फसतो, हे मलाही माहीत आहे. मी पाणी प्यायले.

तेवढ्यात जुन्या लाइनवरून पॅसेंजर आली. आवाज नंतर आला, आधी नुसतीच तरंगत आली. खिडक्यांत माना पेंगत होत्या. आमच्यासमोर सगळ्या माना एकाच बाजूला कलल्या. माणसं दचकून जागी झाली आणि पिशव्या चाचपू लागली.

"सलीमभाई, जालन्याहून येताना गाडीत झोपता का?"

"रोज."

"मग परतूर आलं हे कसं कळतं?"

"झटका बसतो ना परतूरच्या आधी! अब्बांच्या टायमापासून सगळं गाव त्याच्यावरच उठतं..." ते थांबले. जुन्या लाइनकडे बघत राहिले. "या अल्ला."

"सरळ रेघेसाठी ठोकलेल्या आपल्या खुंट्या कुठे गेल्या?"

"ट्रॅक्टरखाली आल्या. मंग जुन्या लाइनवरून टेप धरला. इतक्या वर्षांची लाइन, सरळच असंल म्हटलं."

इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिने जुनी लाइन हळूहळू सरकवली होती. आम्ही दोरी ताणली. सरळ रूळ दोरीला सगळीकडे टेकतो. इथे मधल्या फटीत माझा हात गेला. जुन्या लाइनवर तसंच, नव्या लाइनवरही तसंच.

सलीमभाईंनी गँग बोलावली, स्वतः पहार उचलली. "हैशा" म्हणत सगळ्यांनी नवी लाइन सरकवली. दोरी टेकली, तेव्हा कापसावर पिवळं ऊन आलं होतं. मशीन गेलं ते काम करून. जुन्या वाकाचा रिपोर्ट मी वेगळा पाठवला.

तेव्हापासून एक पाळते. दोन लाइनी समांतर असल्या म्हणजे सरळ असतात असं नाही. शेजाऱ्यावरून माप घ्यायचं असेल तर आधी शेजाऱ्याला दोरी लावायची.

नवी लाइन सुरू झाल्यावर सलीमभाईंचा फोन आला.

"मॅडम, सेलूहून बोलून राह्यलो."

"परतूर सोडून पुढे सेलूला काय काम काढलंत?"

"काम कुठलं! झोप लागली. झटकाच न्हाई बसला."

मोबाइलमध्ये गजर लावत जा म्हटलं.