सासऱ्यांचा फोटो आणि माझं पीएनजी पुराण

मी फोटो दुरुस्त करतो. दुकान एवढंसं, पण तोंड मोठं. गिऱ्हाईक छपाईला आलं की आधी माझं व्याख्यान ऐकायचं: जेपीईजी फाइल लहान होते, कारण दर वेळी सेव्ह करताना ती बारीकसारीक तपशील गाळते; पीएनजी जागा खाते, पण एक ठिपकाही इकडचा तिकडे करत नाही. बायको म्हणते, "लोक फोटो न्यायला येतात, शिकवणीला नाही." खरं आहे, पण ऐकतो कोण.

सासरे गेल्यावर सासूबाईंनी त्यांचा फोटो भिंतीसाठी मोठा करायला सांगितला. सासऱ्यांना कॅमेऱ्याचं वावडं. धड असा एकच फोटो, तोही सासूबाईंच्या फोनमध्ये, जेपीईजी. मी तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेतला आणि फोन भरलाय म्हणून तिथला काढून टाकला. वर "बघा, कसा हलका झाला" असं ऐकवलंही. जावयाची हौस.

मग गिऱ्हाईक नसलं की फोटो उघडायचा, कुठे डाग पुसायचा, कुठे कॉलर नीट करायची आणि त्याच फाइलवर सेव्ह करायचं. जेपीईजीतच. जगाला शिकवलेलं स्वतःच्या डोक्यात शिरेल तर शपथ. शेवटी एकदाचा पीएनजी केला, सासूबाईंना ऐटीत दुकानात बसवलं आणि पुराण लावलं, "आई, यातलं आता काही म्हणजे काही हरवणार नाही."

सासूबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "गालावरचा व्रण कुठाय?"

हरवायचं ते आधीच हरवलं होतं. थोडं जेपीईजीनं गाळलं, उरलेलं मी डाग समजून पुसलं. पीएनजीनं तो गुळगुळीत गाल मात्र इमानेइतबारे जपला होता.

"यांचा हात मोडला तेव्हा मी दाढी करून दिली होती," त्या म्हणाल्या. "तेव्हाचा तो. जन्मभर चिडवत होते मला."

दुसरी प्रत नाही, हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "काढा. मी सांगते."

मी रेघ ओढली. "खाली घ्या. कानाकडे थोडी. एवढी जाड नाही हो." वळून पाहिलं, तर त्या डोळे मिटून स्वतःच्याच गालावर बोट फिरवत होत्या. मी त्या सांगतील तसं करत गेलो.

"आता बघा, आई. तसाच झालाय का?"

त्यांनी डोळे उघडले. "नाही," म्हणाल्या. "पण राहू द्या. कुठे होता ते तरी कळतंय."