तालमीतली माती
हळद आणि ताकाचा वास एकत्र आला की मला काकांच्या गावची तालीम आठवते आणि अजून संताप येतो. इंग्रजी शाळेला सुट्टी लागली की मी साताऱ्याजवळच्या त्या गावी जायची. काका तालमीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक होते. एका सकाळी मी त्यांना घरचा निरोप द्यायला गेले आणि बायकांना आत बंदी म्हणून उंबऱ्याबाहेर थांबले. आत पैलवान हळद, ताक, तेल घालून कुस्तीच्या हौद्यातली लाल माती मळत होते. काका आणि पैलवानांना शिकवणारे वस्ताद दाराशी आले. तेवढ्यात तिथल्या नामी पैलवानाची बायको आली. तिचा डोळा सुजून मिटला होता. "आवं वस्ताद, आमच्या मालकास्नी आवरा. आवंदा जत्रंत उतरवू नगा, तवाच कळंल त्यास्नी." काका म्हणाले, "पोरी, गावाची इज्जत हाय त्येच्यावर. जत्रा होईस्तवर म्हायेरी जा." वस्तादांनी मूठभर माती आणून तिच्या हातावर ठेवली. "लाव डोळ्याला. लय गुणाची हाय." याच वस्तादांनी मागच्या आठवड्यात विडी ओढली म्हणून एका पैलवानाला तालमीतून हाकललं होतं. तिने माती उंबऱ्यावर टाकली. "त्येंच्याच हाताला लावा. मारून मारून दुखत असत्याल." जत्रेत तिचा नवरा कुस्ती जिंकला आणि काकांनी त्याला फेटा बांधला. मी चारचौघांत सहसा बोलत नाही. पण परवा पाहुण्यांसमोर काका त्या तालमीची कडक शिस्त सांगू लागले, तेव्हा मी म्हणाले, "हो, विडीच्या बाबतीत फारच कडक."