आमच्या पाण्यात फेस येईना

आमच्या बायकांच्या सहकारी संस्थेने साबण करायला घेतला तेव्हा गावाने एकच प्रश्न विचारला, "चरबी तर न्हाई ना घातली?" कपिलधारच्या यात्रेत स्टॉल लावला, तिथेही तेच. चरबी नाही म्हटले की लोकांच्या लेखी साबण शुद्ध. वडी हुंगायची आणि पिशवीत टाकायची. कॉस्टिक सोड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मला मात्र त्या सोड्याने छळले. खोबरेल, करडईचे तेल, धनगराच्या वस्तीवरून आणलेले शेळीचे दूध, कडुलिंबाचा पाला, इथपर्यंत ठीक. पण ज्याच्या थेंबाने हात भाजतो ते घालून वर 'नैसर्गिक' छापायचे? शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, तेल आणि सोडा मिळूनच साबण होतो. वडी नीट मुरली की सोडा सोडा म्हणून उरत नाही. माझी धाकटी जाऊ हसली. "अक्का, पापडात पापडखार घालताना कावून न्हाई इचारलं?" मी हार मानली. मी हार मानण्याचे प्रसंग आमच्या घरात फार नाहीत.

ही जाऊ दरवर्षी दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. दुष्काळाच्या त्या वर्षी तिने ठरवले होते, साबणाला मोठी मागणी आली तर गावीच राहायचे. लेक तिसरीत गेली होती आणि दर हिवाळ्यात तिची शाळा उसाच्या फडात बुडत होती. आमची सगळी आशा अंबाजोगाईत दुकान चालवणाऱ्या एका बाईंवर होती.

त्या बाई नवरात्रात वड्या बघायला आल्या. टँकरच्या दिवसांत पाहुण्याला विकतचे जारचे पाणी द्यायची आमच्याकडे रीत पडली होती. हात धुवायलाही आम्ही त्यांना तेच दिले. फेस भरभरून आला, बाई खूश झाल्या. मग त्यांनी सहज जावेला विचारले, "लेकीला हाच साबण लावता ना?"

"न्हाई," जाऊ म्हणाली. "आमच्या बोरच्या पान्यात त्याला फेसच येत न्हाई."

तिच्या पाठीत धपाटा घालावा असे मला वाटले. एवढे खरे बोलायची काय गरज होती! पण ते खरेच होते. बोर जसजशी खोल गेली तसतसे पाणी जड होत गेले. तेल-सोड्याच्या साबणाला असले पाणी चालत नाही. आम्ही बनवणाऱ्यासुद्धा घरी जड पाण्यातही फेसणारा बाजारचाच साबण लावत होतो. बाई उठून बोरवर गेल्या आणि त्यांनी स्वतः वडी घासून पाहिली. हातावर दूध नासल्यासारखा चोथा आला आणि तो काढायला पाणी आणखीच लागले.

बाई रागावल्या नाहीत. "आमच्याकडेही यंदा बोरचंच पाणी आहे. फेसाची पावडर मिळते, ती घाला, मी सगळा माल घेते. आणि वर नैसर्गिक लिहिलंत तर कोण तपासायला येतंय?"

त्या गेल्यावर आम्ही शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ती पावडरसुद्धा खोबरेलापासून करतात, पण कारखान्यात. ती घातली तर नैसर्गिक म्हणू नका. म्हणजे सोडा चालतो आणि खोबऱ्याची पावडर चालत नाही! माझे डोके भणभणले. तरी मी म्हणाले, पावडर घालायची तर तो शब्द काढायचा. आणि शब्द काढला तर दुकानवाल्या बाई माल घेणार नव्हत्या. साधा साबण त्यांच्या दुकानात ढिगाने होता.

"घाला की, अक्का," जाऊ म्हणाली. "नैसर्गिक नैसर्गिक काय लावलंय? आपल्या बोरचं पानी नैसर्गिकच हाय की. त्यानं काय भलं केलं आपलं?"

पण यात्रेत लोकांनी आमच्या शब्दावर वड्या नेल्या होत्या, ते मला सोडवेना. संस्थेच्या बैठकीत हात वर करायला सांगितले तेव्हा बहुतेकींनी माझ्या बाजूने केले. जावेने केला नाही. मोठी मागणी हातची गेली.

दसऱ्यानंतर ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर आला. आमच्या सहकारी संस्थेतली माझी जाऊ पश्चिमेकडच्या सहकारी साखर कारखान्याच्या उसाला निघाली. भांड्यांच्या पोत्यावर लेकीचे दप्तर ठेवले होते. मी जवळ उभी होते, पण ती माझ्याशी बोलली नाही. मी चुकले असे मी म्हणत नाही. तरी त्या हिवाळ्यात शाळेसमोरून जाताना मला अपराध्यासारखे वाटायचे.

मग एका दुपारी तिचा फोन आला. भांडायलाच केला असेल असे समजून मी पदर खोचला.

"अक्का, मी येताना आपल्या वड्या आनल्यात्या," ती म्हणाली. "इथं नदीचं पानी हाय. आत्ता पोरीला न्हाऊ घालतीय. लई फेस येतो बघा! तुमी बघायला पायजे होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता आनंद होता, आणि तोच मला सोसवेना. मागून पोरीचे खिदळणे ऐकू येत होते. तोंडाला फेस लावून ती काहीतरी ओरडत होती. मी घड्याळाकडे पाहिले. शाळेची वेळ होती.